हणमंतमामाची वायर

एका गावात एक भोळा मामा होता. जन्मापासून मामा नव्हता हो, आधी नुसताच हणमंत होता. बहिणीला लेक झाली आणि हा मामा झाला. गाव कुठलं ते विचारू नका. तिथली माणसं मला अजून चहा पाजतात, आणि तो चहा मला बंद करायचा नाही.

त्या गावात एक चार मजली बिल्डिंग होती. लिफ्टचा खड्डा होता, लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यावर हणमंताची बहीण रेवती राहायची. तिचा नवरा शैलेश, म्हणजे हणमंताचे दाजी. दाजींच्या आई, त्यांना सगळे माई म्हणायचे. आणि चौथी ती नुकतीच जन्मलेली बाळी, तिला अजून नाव नव्हतं. आता पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण रेवतीच्या माहेरी आई-वडील नव्हते, एकटा हणमंत होता. घरच्यांनी विचार केला आणि बाळंतपण सासरीच उरकलं. मग हणमंतच बाळंतविडा घेऊन आला आणि मदतीला म्हणून राहिला.

बारसं ठरलं. बारशाला नाव कोण ठेवतं? आत्या! पाळण्यात वाकून, बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून आत्या नाव सांगते. ते आधी बाळ ऐकतं, मग बाकीचं जग. पण आत्या होती आयर्लंडला. वृषाली तिचं नाव, दाजींची थोरली बहीण, तिकडच्या हॉस्पिटलात नर्स. तिला रजा मिळाली नाही. फोनवर ढसाढसा रडली बिचारी. "शैलूच्या लग्नापासून एक नाव मनात धरून ठेवलंय मी," म्हणाली. "कोणाला सांगितलेलं नाही. ते माझं मीच तिला सांगणार."

माईंनी डोळ्याला पदर लावला आणि जाहीर केलं, "आत्यानं सांगितलेलं नाव नाही, तर बारसं नाही!"

तेव्हा ठरलं, आत्यानं व्हिडिओ कॉलवर नाव ठेवायचं. इथं आली पंचाईत. पाळण्याचा हूक आतल्या खोलीत. इंटरनेटचा डबा बाहेर हॉलमध्ये. मधे जाडजूड भिंत, आणि भिंतीला टेकून माईंचं लोखंडी कपाट. वायफाय बिचारं हॉलमध्येच बसून राही, पाव्हण्यासारखं. मोबाइलची रेंज सबंध घरात फक्त गॅलरीत यायची, तीही तुळशीच्या कुंडीपाशी. बरं, पाळणा हॉलमध्ये टांगावा, तर हॉलला हूक नव्हता. बिल्डर म्हणाला होता तिथं झुंबर येईल. झुंबरही आलं नाही.

दाजींनी बाजारातून इंटरनेटच्या वायरीचं एक मोठं भेंडोळं आणलं. कामावर निघता निघता ते हणमंताच्या हातात दिलं.

"हणमंता, ही वायर आतल्या खोलीत न्यायची. जमेल ना?"

"न जमायला काय झालं दाजी!"

दाजी जिना उतरेपर्यंत काम झालं होतं. हणमंतानं भेंडोळं उचललं, आतल्या खोलीत नेलं आणि पाळण्याखाली ठेवलं. वर हात झटकले. संध्याकाळी दाजी आले, तर डबा हॉलमध्ये, वायर आत, आणि हणमंत चहा पीत बसलेला.

"अरे, वायर?"

"नेली की."

दाजींनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, अशी उचलून नेऊन ठेवायची नसते! एक टोक इथं पक्कं करायचं. ते सोडायचं नाही. मग बाकीचं उलगडत उलगडत पुढं जायचं."

"चुकलं दाजी. आता लक्षात ठेवतो."

आणि ठेवलं हो! हणमंताच्या डोक्यात एकदा शिरलेली गोष्ट कधी बाहेर पडायची नाही. सगळा घोळ त्यातच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माईंनी ट्रंकेतून बारशाला नेसायचं नऊवारी इरकल काढलं. "हणमंता, खाली कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला एवढं नेऊन दे बाळा."

हणमंतानं लुगड्याचं एक टोक दाराच्या कडीला पक्कं बांधलं. मग उलगडत उलगडत जिना उतरला. नऊवारी झालं म्हणून काय, तिसऱ्या मजल्यावरून कोपऱ्यापर्यंत थोडंच पुरणार? दुसऱ्या मजल्यावर संपलं. तो वर आला, रेवतीच्या दोन साड्या काढून घेतल्या, गाठ मारली आणि पुन्हा उतरला. इस्त्रीवाल्याच्या गाडीवर जे टोक पोचलं ते रेवतीच्या फुलाफुलांच्या साडीचं. इस्त्रीवाल्यानं वितभर इस्त्री केली आणि विचारलं, "पुढं?" हणमंत म्हणाला, "पुढचं वर आहे. वर चला."

तेवढ्यात दूधवाला जिना चढला. पायाखाली इरकल बघून त्याला वाटलं, बारशाच्या पाव्हण्यांसाठी घातलंय. त्यानं त्याला नीट पाय पुसले आणि दूध देऊन गेला.

माईंचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत गेला. "आरं मुडद्या! असं वाटंत आडवं सोडत्यात व्हय? लोकांच्या पायाखाली येतंय की! कडंकडंनं न्यावं, भिंत धरून! भिंत म्हणून सोडायची न्हाई!"

"चुकलं माई. आता लक्षात ठेवतो."

आणि लगेच वायरीकडे वळला. या खेपेला एक टोक डब्यात पक्कं केलं. झकास. मग भिंत धरली. भिंत धरून हॉल ओलांडला, भिंत धरून दारापाशी आला. दार होतं उघडं. भिंत काही दारापाशी थांबत नाही, ती बाहेर वळते. हणमंतही वळला. भिंत जिन्याच्या कडेनं गेली, हणमंतही गेला. समोर मगदूम काकूंचं घर. त्यांचंही दार उघडं. भिंत आत वळली. आता माईंनी सांगितलेलं, भिंत म्हणून सोडायची नाही. हणमंत आत गेला.

मगदूम काकूंच्या टीव्हीमागून वायर गेली. शोकेसवरून, लोणच्याच्या बरण्यांमागून, फ्रिजला वळसा घालून गेली. वायर संपली ती थेट त्यांच्या सासऱ्यांच्या खाटेपाशी. तीही खोली आतलीच होती. हणमंतानं टोक खाटेच्या पायाला बांधलं.

मगदूम आजोबांनी डोळे उघडले. "काय हाय?"

"इंटरनेट."

"जेवणाआधी का जेवणानंतर?"

तेवढ्यात काकू भाजी घेऊन आल्या आणि वायरीत पाय अडकून मेथीसकट हॉलमध्ये बसल्या. उठल्यावर त्यांनी जे बोलायला सुरुवात केली ते मेथी निवडून होईपर्यंत चाललं. शेवटी म्हणाल्या, "माणसाला काही रीतभात? पलीकडं शिरायच्या आधी टकटक करावी, बेल वाजवावी. येऊ का म्हणून विचारावं. आतून 'या' म्हटलं, तरच शिरावं!"

"चुकलं काकू. आता लक्षात ठेवतो."

रात्री दाजींनी ऐकलं आणि म्हणाले, आता भिंतीच्या कडेकडेनं नको, भिंतीतूनच आरपार नेऊ. त्यांनी कुठून तरी ड्रिल मशीन आणलं. सकाळी निघताना हॉलच्या भिंतीवर कपाट चुकवून पेन्सिलीनं फुली मारली. "या फुलीवर भोक पाडायचं. बस्स. डोकं वापरू नकोस."

डोकं वापरायची हणमंताला गरजच नव्हती. त्याच्या सगळं लक्षात होतं. तो भिंतीसमोर गेला, बोटानं टकटक केली आणि म्हणाला, "येऊ का?"

भिंत गप्प.

तो जरा थांबला. बाहेर जाऊन दाराची बेल वाजवून आला. पुन्हा विचारलं, "येऊ का?" भिंत गप्प. पलीकडं रेवती बाळीला घेऊन झोपली होती. हणमंत मशीन मांडीवर घेऊन भिंतीसमोर बसला. जेवणाची वेळ झाली तर ताट तिथंच मागवलं.

माई म्हणाल्या, "आरं, बसलायस का?"

"परवानगी नाही आली."

माईंना काही कळलं नाही. त्या आतल्या खोलीत गेल्या. दुपारी मगदूम काकू बाळीला बघायला आल्या, स्वयंपाकघरातून आतल्या खोलीच्या दाराशी पोचल्या, आणि आतून माई तोंडभर म्हणाल्या, "या, या! आत या!"

"आली!" म्हणून हणमंतानं बटण दाबलं.

घर्रर्र! पलीकडच्या भिंतीवर माईंचं कॅलेंडर होतं. त्याच्या मधोमध एकदम लोखंडी टोक बाहेर आलं. मगदूम काकू पलंगावर उभ्या राहिल्या. माई देवाचं नाव घ्यायला लागल्या. बाळीनं जो टाहो फोडला तो इस्त्रीवाल्यानं ऐकला. धूळ बसल्यावर बघतात तर भोक पडलेलं बरोबर बारशाच्या तारखेवर.

"आरं, पलीकडं लेकरू निजलंय!" माई ओरडल्या. "दांडगाई कशाला करतोस? मऊ हातानं करावं काम. जपून करावं. ती वायर हाय न्हवं, ती लेकरागत हाताळावी, म्हंजी काय बिघडत न्हाई!"

"चुकलं माई. आता लक्षात ठेवतो."

आता सांगा, यात त्याचं काय चुकलं? लेकराला कसं हाताळतात ते तो रोज बघत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं वायरीचं भेंडोळं मांडीवर घेतलं. खोबरेल कोमट केलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत चोळून चोळून लावलं. मग हरभऱ्याचं पीठ लावून ऊन पाण्यानं घंगाळात न्हाऊ घातलं. शेगडीवर ओवा-बाळंतशेपा टाकून धुरी दिली. दुपट्यात गुंडाळलं, डोक्याच्या जागी कुंची चढवली आणि गालाच्या अंदाजानं काजळाची तीट लावली.

दाजी घरी आले तेव्हा बाळी पलंगावर आणि वायर पाळण्यात होती. हणमंत दोरी हलवत होता.

"शू!" तो म्हणाला. "आत्ताच डोळा लागलाय."

दाजींनी दुपटं उघडून बघितलं. वायरीच्या टोकातून तेल ठिबकत होतं.

"दाजी, बारशाला तुम्ही वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवता की नाही? मग वायरीनंच काय पाप केलंय?"

दाजी पाटावर बसले आणि हात जोडून म्हणाले, "हणमंता, तुझ्या पाया पडतो. एकट्यानं काही करत जाऊ नकोस. इथून पुढं मनात काही आलं की आधी बिल्डिंगभर सांगत सूट. कोणीतरी तुला अडवेल!"

"चुकलं दाजी. आता लक्षात ठेवतो."

बारसं अगदी तोंडावर आलं. दाजींनी कामावर दांडी मारली आणि नवी वायर आणून स्वतः बसवली. एक टोक डब्यात, भोकातून आरपार, दुसरं टोक पाळण्याशेजारी लॅपटॉपला. मिटलं सगळं. जाता जाता त्यांच्या मनात आलं, ऐन वेळी वायरीनं दगा दिलाच, तर बाळीला हॉलमध्ये आणून वायफायवर तरी कॉल लावता यावा, म्हणून त्याचा पासवर्ड घरात कोणाला तरी माहीत असावा. मगदूम काकू दारातच उभ्या होत्या, म्हणून त्यांनी तो हणमंताच्या कानात सांगितला आणि भाजी आणायला गेले.

हणमंतानं बिल्डिंगभर सांगितला.

तळमजल्यापासून सुरुवात केली. बेल वाजवली, 'येऊ का' विचारलं, 'या' म्हटल्यावर आत गेला आणि म्हणाला, "दाजींनी मला आमच्या इंटरनेटचा पासवर्ड कानात सांगितलाय. तो असा असा आहे. अडवायचं असेल तर अडवा." कशाला अडवतील? लोकांनी त्याला लाडू खायला घातले. चौथ्या मजल्यावर तर शिरा मिळाला.

संध्याकाळी रंगीत तालीम म्हणून आत्याला कॉल लावला. वायफाय माईंच्या कपाटाला अडायचं, उघड्या दारा-खिडक्यांना नाही; सबंध बिल्डिंग दाजींच्या इंटरनेटवर मालिका बघत होती. इस्त्रीवाला गाडीवर कुस्त्या बघत होता. स्क्रीनवर आत्या आली आणि तोंडाचा आ करून तशीच थिजली. माई बघत राहिल्या. "पोरगी दमलीया वाटतं," म्हणाल्या. "किती मोठी जांभई!"

पण रेवतीला रडूच कोसळलं. "उद्या असंच झालं तर? वृषालीताईंनी किती वाट बघितलीये या दिवसाची. त्या तिकडं तोंड उघडून बसतील, आणि माझी लेक इथं बिननावाची राहील!"

दाजींनी पासवर्ड बदलला. मग हणमंताला समोर उभं केलं आणि प्रत्येक शब्दाला बोट हलवत म्हणाले, "नीट ऐक. कानात सांगितलेली गोष्ट कोणाला सांगायची नसते. शेजाऱ्यांनी विचारलं तरी नाही. तुझ्या ताईनं विचारलं तरी नाही. मी, मी स्वतः विचारलं, तरी सांगायचं नाही! गळ्यावर सुरी ठेवली तरी नाही! शिरलं डोक्यात?"

"चुकलं दाजी. आता लक्षात ठेवतो."

बारशाचा दिवस उजाडला. घर माणसांनी फुलून गेलं. घुगऱ्यांची परात भरली, पाळण्याला झेंडूच्या माळा लागल्या. माई इरकल नेसल्या, त्यावर दूधवाल्याच्या पावलाचा ठसा होता, तो त्यांनी निऱ्यांत दडवला. मामाला मान म्हणून हणमंताला गुलाबी फेटा बांधला होता. फेटा एवढा मोठा की मामा त्याच्याखाली शोधावा लागे.

आणि कॉल लागला! वायरीनं काम केलं! स्क्रीनवर आत्या लख्ख दिसली. नर्सचे कपडे, कपाळाला मोठं कुंकू. हॉस्पिटलच्या कुठल्याशा सामानाच्या खोलीत पट्ट्यांच्या खोक्यांमधे उभी होती. जेवणाच्या सुट्टीत धावत आली होती. बाळीला बघून तिला हसू की रडू असं झालं. "अगं बाई, नाक आमच्या अण्णांचं!" म्हणाली, आणि इकडे नवऱ्याच्या आठवणीनं माईंना हुंदका आला. रेवतीनं बाळीला पाळण्यात घातलं. लॅपटॉप पाळण्याच्या कडेला आणला. आत्या स्क्रीनवर वाकली, ओठ पुढं केले.

"कुर्रर्र..."

आता रीत अशी, की आत्या कानात नाव सांगायला वाकली की बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. मगदूम काकूंना चेव आला. "घाला गं धपाटे आत्याला! चांगले सणसणीत घाला!"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. आत्याची पाठ आयर्लंडात. कोणी हलेना.

हणमंताला वाईट वाटलं. आत्याचा मान राहून जातोय की! तिचं तोंड लॅपटॉपच्या पुढून दिसत होतं, म्हणजे पाठ मागे असणार. तो मागून गेला, बाह्या सारल्या आणि लॅपटॉपच्या पाठीत असा सणसणीत धपाटा घातला, की लॅपटॉप पाळण्यावरून उडाला, वायर सुटली, आणि आत्या घुगऱ्यांच्या परातीत पालथी पडली.

दाजींनी लॅपटॉप उचलला. त्यातून हरभरे गळत होते, बाकी काही येत नव्हतं. रेवतीनं तोंडावर पदर घेतला. माई मटकन खाली बसल्या.

तेवढ्यात गॅलरीत तुळशीपाशी ठेवलेला दाजींचा फोन वाजला. दाजी हरभरे काढण्यात गुंतलेले. सगळ्यांनी आपल्याकडे ज्या नजरेनं बघितलं, तिच्यापासून लांब जावं म्हणून हणमंत आधीच गॅलरीत जाऊन उभा होता. त्यानं फोन उचलला.

"कोण? हणमंत?" आत्या रडत होती. "काय झालं रे? सगळं काळं झालं! मला आत बोलावतायत, ऑपरेशन आहे, फोन कपाटात ठेवावा लागणार. आता रात्रीपर्यंत हातात नाही मिळायचा. ऐक, दुसऱ्या कोणाला बोलवायला वेळ नाही. मी तुझ्या कानात नाव सांगते. ते तसंच्या तसं बाळीच्या कानात सांग. आता तूच माझी वायर. एवढं करशील ना रे माझ्यासाठी?"

इतक्या विश्वासानं त्याला आजवर कोणी काही सांगितलं नव्हतं. "करतो, वृषालीताई," तो म्हणाला. "जीव गेला तरी करतो."

तिनं नाव सांगितलं. फोन बंद झाला.

हणमंतानं तोंड गच्च मिटलं, सांडायला नको म्हणून. आपण वायर आहोत म्हटल्यावर वायरीचं सगळं त्याला पाठ होतं. एक टोक पक्कं करायचं, म्हणून त्यानं फेट्याचं टोक गॅलरीच्या गजाला बांधलं. मग गोल गोल फिरत, फेटा उलगडत निघाला. भिंत धरली. दाजी बोंबलले, "अरे इकडून ये, सरळ!" पण भिंत म्हणून सोडायची नव्हती. भिंत धरून हॉल, भिंत धरून दाराबाहेर, जिन्याच्या कडेनं, मगदूम काकूंच्या घरात. टीव्हीमागून गेला. फेटा फ्रिजपाशी संपला. खाटेवरून आजोबांनी विचारलं, "जेवणाआधी का नंतर?" हणमंत बोलला नाही. तोंडात नाव होतं.

फिरून दारात आला. बेल वाजवली. मिटल्या तोंडानं म्हणाला, "म्हूं म्हा?"

"ये!" सगळं घर ओरडलं. "ये बाबा, ये!"

मग चवड्यांवर, मऊ पावलांनी, लेकरू निजलंय अशा बेतानं तो आतल्या खोलीत आला. बाळी मघापासून रडत होती. तो पाळण्यात वाकला, तिच्या इवल्याशा कानाला तोंड लावलं. "कुर्रर्र..." आणि काहीतरी पुटपुटला. पुटपुटला, थांबला, आणखी जरासं पुटपुटला.

बाळी रडायची थांबली. हसली. एवढी लहान बाळं पोटातल्या वाऱ्यानं हसतात म्हणे. म्हणोत. ती नावालाच हसली, मी तिथं होतो.

एकच जल्लोष झाला! बायकांनी हणमंताच्या पाठीत असे धपाटे घातले की आत्याचे व्याजासकट फिटले. रेवतीनं भावाला मिठी मारली. "केलंस रे माझ्या राजा, केलंस!" माईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. आत्यानं सांगितलेलं नाव, आधी बाळीच्या कानात. सगळं रीतीला धरून झालं. मगदूम काकूंनी पाळणा म्हणायला गळा साफ केला आणि विचारलं, "हं, काय नाव ठेवलं?"

हणमंतानं तोंड पुन्हा गच्च मिटलं.

"अरे, नाव काय ठेवलं?"

"सांगायचं नाही."

सगळे हसले. गंमत करतोय म्हणाले. दाजी हसले नाहीत. "हणमंता," ते हळूच म्हणाले, "मी विचारतोय. नाव सांग."

"कानात सांगितलंय. तुम्ही विचारलं तरी सांगायचं नाही, दाजी. तुम्हीच बोट हलवून सांगितलंत."

"हण्म्या!" रेवती किंचाळली. "मी आई आहे तिची!"

"ताईनं विचारलं तरी नाही."

मगदूम काकू बर्फीचं ताट सोडून तरातरा पुढं आल्या. हातात बर्फी कापायची सुरी तशीच होती. हणमंतानं डोळे मिटले आणि हनुवटी वर केली. "ठेवा," म्हणाला. काकू सुरी मागे लपवून परत गेल्या.

दाजी गॅलरीत धावले. तुळशीपाशी उभं राहून आयर्लंडला फोन लावत राहिले. तिकडं कपाटात घंटी वाजत होती, वाजत होती. इकडं बायकांनी पाळणा सुरू केला. जिथं नाव यायचं, तिथं सगळ्याजणी 'हं हं हं' म्हणून पुढं जात होत्या. सबंध पृथ्वीवर हातात सापडण्याजोगी, नाव ठाऊक असलेली माणसं दोनच. एक सांगत नव्हता, दुसरीला बोलता येत नव्हतं.

शेवटी माईंनी पदर खोचला आणि पाळण्यात वाकल्या. "तूच सांग गं माजे बाई," अगदी काकुळतीला येऊन म्हणाल्या, "काय नाव तुजं?"

बाळीनं आजीकडं बघितलं. ओठांचा चंबू केला. तोंड उघडलं.

हणमंत लगबगीनं मधे आला. "माई, तिला नका विचारू. ती नाही सांगायची. मी तिलाही कानात बजावून ठेवलंय, कोणाला सांगायचं नाही म्हणून."